उन्हातली आई

जैसलमेरच्या पुढे, जिथे एकेकाळी हौशी मंडळी उंटावर बसून फोटो काढून घ्यायची, तिथे हल्ली लोक आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला जातात. म्हणजे आईवडील त्यांच्या सोबतच असतात, त्याच गाडीतून आलेले, मुलाच्याच खांद्यावर डोकं टाकून झोपलेले. पण भेट होते ती वाळवंटात गेल्यावर. डिसेंबर लागला की विमानं भरून वाहतात. किरणसर नावाच्या तिथल्या वस्तीतले तंबू आणि बंगल्या त्याआधीच्या उन्हाळ्यातच आरक्षित होऊन जातात. प्रवासी कंपन्यांनी तर लाज कोळून प्यायलेली. 'आई परत भेटेल, नाश्ता-जेवणासह' ही जाहिरात केतकीने स्वतः वाचली होती आणि कपाळाला हात लावला होता. पुढच्याच आठवड्यात तिने त्याच कंपनीकडे नाव नोंदवलं.

केतकी तारळेकर मिरजेला एका बँकेत होती. पंचेचाळिशी ओलांडलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आईवडिलांच्याच घरात राहणारी. आई, शैलजाबाई, गेली काही वर्षं विसरत चालली होती. आधी चष्मा, मग नळ, मग शेजाऱ्यांची नावं, मग केतकी. सर्वांत शेवटपर्यंत तिने धरून ठेवलं ते नवऱ्याला. अरविंदराव साखर कारखान्यात केमिस्ट होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी बायकोची सगळी उस्तवार अंगावर घेतली होती. मागच्या श्रावणात ते गेले. हे शैलजाबाईंना कुणी सांगितलं नाही, कारण सांगून कळण्यासारखं त्यांचं राहिलंच नव्हतं. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. दुपारी चहाचे दोन कप समोर आले नाहीत, तर त्या घर डोक्यावर घ्यायच्या. दोन्ही कप आले की एकाला हात न लावता दाराकडे बघत म्हणायच्या, "हे येतील इतक्यात."

केतकीने आणि तिच्या भावाने, कॅनडातल्या सुमेधने, ठरवून टाकलं होतं, की वाळवंटात आईला शुद्ध आली तरी हे बोलायचं नाही. विचारलंच तर सांगायचं, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, प्रवास झेपणार नाही, फोनवर त्यांना ऐकू येत नाही. सुमेधने हे सगळं नीट घोकून घेतलं होतं तिच्याकडून, परीक्षेला बसवल्यासारखं.

किरणसरला पोचल्यावर पहिल्यांदा गाठ पडली ती डॉक्टर सोनकुसरे यांच्याशी. नागपूरच्या, पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. त्यांच्या खोलीत एकही नकाशा किंवा मेंदूचं चित्र नव्हतं. खिडकीबाहेर नुसती वाळू.

"उन्हाचं इंजेक्शन म्हणतात याला लोक," त्या म्हणाल्या. "पण त्यात ऊन नसतं हो. खाऱ्या सरोवरात काही सूक्ष्म जीव राहतात. त्यांच्या अंगात एक प्रथिन असतं, प्रकाश पडला की जागं होणारं. त्याची कृती आम्ही उचलली आणि एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून डोळ्याच्या मागच्या पडद्यात सोडली. तिथून एक वाट थेट मेंदूच्या मुळाशी जाते, जिथं जाग आणि आठवण यांचा कारभार चालतो. या आजारात सगळ्याच आठवणी जळून जात नाहीत, ताई. पुष्कळशा कपाटात जागच्या जागी असतात, किल्ली तेवढी सापडत नाही. हा प्रकाश ती किल्ली फिरवतो."

"मग मिरजेला ऊन नाही का?"

"आहे की. पण आभाळ एवढं कोरडं आणि स्वच्छ लागतं, की दिवसभर सूर्याच्या आणि डोळ्यांच्या मध्ये काही येता कामा नये. दिव्यांनी करून पाहिलं, तेवढा जोर दिला तर डोळेच जातात. म्हणून वाळवंट. आणि थंडीतच, कारण उन्हाळ्यात इथं माणूस तासभर बसला तर भाजून निघेल. थंडीत सूर्य खाली असतो, तिरपा, सोसवणारा. सकाळपासून मावळतीपर्यंत बसवायचं. मावळलं की माणूस पुन्हा गेलं."

"आणि असं किती दिवस चालतं?"

"आठवडाभर. मग शरीर त्या प्रथिनाला परकं म्हणून ओळखतं आणि मारून टाकतं. दुसऱ्यांदा टोचलं तर काही होत नाही. एकदाच." डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "अजून एक सांगायचंय. आठवडा संपला की इथलं काहीही तुमच्या आईंच्या लक्षात राहणार नाही. पण माहिती जाते तशी भावना जात नाही. ती मेंदूत दुसरीकडे असते, तिला हा आजार उशिरा गाठतो. मागं एका गृहस्थांना मुलांनी सह्या घ्यायला आणलं होतं. सह्या दिल्या, पण संतापले. परत गेले ते तसेच. का ते ठाऊक नाही, पण आजही घरातल्या माणसांकडे रागानं बघतात. म्हणून आम्ही सांगतो, शेवटचे दिवस गोड जाऊ द्या. जे शेवटी मनात असेल ना, त्याच्यासोबत त्यांना पुढची सगळी वर्षं काढायची असतात."

केतकीने मान डोलावली. गोड जाऊ द्यायला ती तयार होऊनच आली होती.

गच्ची भली थोरली होती. सकाळी पूर्वेकडे तोंड केलेल्या आणि मग उन्हाबरोबर वळवायच्या आरामखुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा किंवा म्हातारी, गुडघ्यावर रजई आणि चेहरा उन्हाकडे. पापड वाळत घालावेत तशी ही माणसं, केतकीला वाटून गेलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. रांगांच्या मधून नातेवाईक घुटमळत होते, हातात थर्मास, खिशात रुमाल. मोबाइल मात्र फाटकाशी जमा, पडद्याचा प्रकाश उपचारात लुडबुड करतो म्हणून. इंजेक्शन झाल्यावरचा पहिला दिवस नुसता गेला. आई उन्हात बसली, झोपली, जेवली, संध्याकाळी दोन कप चहा मागवून एक तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य हातभर वर आला असेल नसेल. केतकी आईच्या पायांवरची रजई सारखी करत होती.

"केतू, केस किती पांढरे करून घेतलेस गं! मेंदी लावायला होतं काय तुला?"

केतकीने मान वर केली. आई बघत होती. नुसते डोळे उघडे ठेवणं वेगळं आणि बघणं वेगळं. एवढ्या वर्षांनी आईने तिला केतू म्हटलं होतं. आई शुद्धीवर येईल तेव्हा काय बोलेल याची केतकीने मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती, आणि आल्या आल्या बोलणी खाल्ली ती केसांवरून. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं, वाळू बघितली, उंट बघितला.

"ही कुठली गं जागा? आणि हे कुठायत?"

केतकीने डोळे पुसले आणि गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. चांगलं जमलं. आईने चुकचुक केलं, "तरी सांगत होते, जिने चढू नका," म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

पुढचे दोन दिवस केतकीला सोन्याचे गेले. आई सकाळी उन्हाबरोबर यायची, कालचं बोलणं जिथे सोडलेलं तिथूनच उचलायची. सुमेधची मुलं केवढी झाली, शेजारच्या जोगळेकरांनी घर विकलं का, केतकीच्या बँकेतला तो खडूस साहेब गेला का. आजाराचं तिला सांगितलं, इंजेक्शनचंही सांगितलं. मग तिने थोडा वेळ वाळूकडे बघत विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मी पाहुणी आलेय. तर मग मला रोज पोहे घालू नका, कंटाळा आला." केतकी एवढी हसली, की शेजारच्या रांगेतून कुणीतरी वळून बघितलं. हे सगळं बाबांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. आलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

ओठ फुटायला लागले तेव्हा आईने जिभेने चाचपून बघितलं आणि तिचे डोळे चमकले. "केतू, ही हवा हलव्याची आहे!"

संक्रांत त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशीच येत होती. मिरजेच्या त्यांच्या घरात काटेरी हलवा ही बाबांची मक्तेदारी होती. साखरेत जन्म काढलेला माणूस. डिसेंबरात कोरडी थंडी पडली की शेगडीवर मंद आचेची परात चढायची, परातीत तीळ, आणि बाबा चमच्या चमच्याने पाक सोडत बोटांच्या टोकांनी हलवत बसायचे, रोज थोडं, चार-पाच दिवस. पाक एकतारी हवा, पातळ. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि प्रत्येक दाण्यावर साखरेचे काटे उभे राहतात. दमट हवेत काटा बसतो, घाई केली की काटा मोडतो. बाबा हे दरवर्षी नव्याने समजावून सांगायचे. आई शेजारी बसून ऐकायची आणि मधूनच चमचा घ्यायला हात पुढे केला की बाबा तो हळूच बाजूला करायचे. केतकी ते ऐकण्याआधीच पसार व्हायची.

मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याने शेगडी आणि परात दिली. तीळ-साखर गावातून आली. आई आरामखुर्चीतून उठून गच्चीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली, तोंड उन्हाकडे, बोटं परातीत. चेहऱ्यावर असा काही उजाळा, की डॉक्टर सोनकुसरे मुद्दाम येऊन बघून गेल्या आणि केतकीकडे बघून त्यांनी समाधानाने मान हलवली. असंच गोड चालू द्या.

"हे असते तर मला परातीला बोट लावू दिलं नसतं," आई हसत म्हणाली. मग दाणे उन्हात धरून न्याहाळले. "काटा अजून धरत नाहीये बघ. ह्यांना विचारून ये. पाक पातळच ठेवू का थोडा दाट करू?"

"अगं, त्यांना फोनवर ऐकू..."

"मग लिहून पाठव की मोबाइलवर! वाचता येतं ना अजून? हलव्याचं विचारलं म्हणजे भर ऑपरेशनातून उठून सांगतील."

केतकी फाटकाशी गेली. मोबाइल घेतला. 'बाबा' हा नंबर अजून होता, तिने पुसला नव्हता. ती त्या नावाकडे बघत थोडा वेळ वाळूत उभी राहिली. मग मोबाइल परत दिला आणि जिना चढता चढता उत्तर ठरवलं. काटा धरत नाही, म्हणजे साखर कमी पडत असणार. साधा हिशोब.

"बाबा म्हणाले, दाट कर थोडा."

आईची बोटं थांबली. "दाट?"

"हो."

"असं म्हणाले?"

"असंच."

आईने चमचा उचलून पाकाची तार बघितली. मग "बरं" म्हणाली आणि पाक पुन्हा आचेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत परातीत गोळे झाले होते. तिळाला तीळ चिकटलेला, काटे मोडून त्याचा भुगा खाली बसलेला. आईने ते गोळे बोटाने सुटे करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. दुपारचं जेवण तिने तसंच ठेवलं.

"केतू, मी ह्यांना काय केलं गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे आजारात. मला नाही आठवत. तुला ठाऊक असेल. हात उगारला मी त्यांच्यावर? काही वंगाळ बोलले?"

"नाही गं आई, काय बोलतेयस!"

"खोटं बोलू नकोस, कान लाल होतात तुझे, पहिल्या दिवसापासून बघतेय." आईचा आवाज बारीक झाला. "हा माणूस पाकाची एक तार मोजायला आख्खं घर थांबवायचा. तो म्हणतो दाट कर. म्हणजे वाचलंसुद्धा नाही त्यांनी नीट. काहीतरी सांगून मला वाटेला लावलं. आणि गुडघा म्हणे! मला आठवडाभराची शुद्ध आलीय हे कळल्यावर हा माणूस गुडघा धरून घरी बसेल? रांगत आला असता. त्यांना यायचंच नाहीये. आणि त्यांचं तरी काय चुकलं? एवढी वर्षं माझं हगणंमुतणं काढलं असेल, वर मी काय काय बोलले असेन. विटले असतील."

केतकीने समजूत घालायला तोंड उघडलं, पण घालणार कशाने? गुडघ्याला धरून आणखी एक थाप, तिच्यावर आणखी एक. आई ऐकून घेत होती, मान हलवत होती आणि तिचा एकाही शब्दावर विश्वास बसत नव्हता. संध्याकाळी ऊन सरलं, आई गेली. चहाचे दोन कप आले. आज आईने दाराकडे बघितलं नाही. दुसऱ्या कपाकडे बघितलं, चोरट्यासारखं, आणि हात मांडीत घेऊन अंग आक्रसून बसली. दुपारी काय झालं, नवरा कोण, हे काहीही तिला ठाऊक नव्हतं. पण अपराधी वाटणं मात्र मागे राहिलं होतं. माहिती जाते, भावना जात नाही, हे केतकीने त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं.

तिने फाटकाशी जाऊन सुमेधला फोन लावला.

"आईला वाटतंय बाबा तिच्यावर रुसलेत. तिने काहीतरी केलं म्हणून आले नाहीत."

"वाटू दे," सुमेध म्हणाला. "मेलेत हे कळण्यापेक्षा बरं."

"कुणासाठी बरं?"

"ताई, हे बघ, दोनच दिवस राहिलेत. कशाला तिला आता..."

"दोन दिवस नाहीत रे. ती मरेपर्यंत आहे हे. ती मरेपर्यंत अशीच बसणार, मार खाल्लेल्या पोरीसारखी, आणि का ते तिला ठाऊक नसणार." केतकीचा आवाज चढला. "तू इथं नाहीस. तू तिला बघितलं नाहीस."

सुमेध रडायला लागला. लहान भाऊ रडायला लागला, की केतकी नेहमी माघार घ्यायची. त्या दिवशी तिने फोन ठेवून दिला.

डॉक्टर सोनकुसरेंनी सगळं ऐकून घेतलं. "सांगितलंत तर दुःख राहील," त्या म्हणाल्या. "नाही सांगितलंत तर हे राहील, जे आता आहे. यातलं कुठलं हलकं, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, ताई. मी फक्त ऊन देऊ शकते."

संक्रांतीच्या सकाळी केतकीने आईला काळी चंद्रकळा नेसवली. मिरजेहून आणली होती, बाबांनीच घेतलेली, पांढऱ्या ठिपक्यांची. आदल्या दिवशी आईने गोळे टाकून देऊन नवे तीळ घेतले होते. "माझं मीच बघते आता," एवढंच म्हणाली होती आणि पाक पातळ ठेवला होता. आज परातीत बारीक बारीक काटे दिसत होते. थोडेच, पण होते. आईने ते बघितले आणि तिच्या तोंडावर काही उमटलं नाही.

केतकी तिच्या समोर बसली. परात दोघींच्या मध्ये.

"आई, बाबा रुसले नाहीत. बाबा नाहीत. मागच्या श्रावणात गेले."

आईची बोटं परातीत फिरत राहिली, सवयीने. मग हळूहळू थांबली.

"गुडघा?"

"गुडघा नव्हताच. हृदय. एकदम गेले."

"दवाखान्यात?"

"घरी. त्यांच्या खुर्चीत. दुपारचा चहा त्यांनीच केला होता, दोन कप. घेऊन येऊन बसले आणि..."

"जवळ कोण होतं?"

"तू होतीस."

आईने तिच्याकडे बघितलं.

"मी बँकेत होते. मदतीची बाई गेली होती. घरात तुम्ही दोघंच. मी आले तेव्हा तू त्यांच्यासमोर स्टुलावर बसली होतीस, त्यांच्या हातावर हात ठेवून. मला म्हणालीस, बघ ना, केव्हाची हाक मारतेय, चहा गार झाला. तूच होतीस, आई. दुसरं कुणी नव्हतं."

"मला कळलं नाही."

"नाही."

"पण ह्यांना कळलं असेल, मी आहे म्हणून."

"कळलं असणारच."

तेव्हा आई रडली. मोठ्याने, पदर तोंडाशी न नेता, नवरा गेलेली बाई रडते तशी, श्रावणात रडायचं राहिलेलं सगळं. केतकीने तिला धरून ठेवलं. गच्चीवरच्या माणसांनी वळून बघितलं आणि पुन्हा आपल्या आपल्या माणसाकडे तोंड फिरवलं. तिथे हे कुणाला नवं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आईने नाक पुसलं. "माझ्यावर राग नव्हता ना त्यांचा? खरं सांग."

"एकदा तू त्यांना ओळखलंच नाहीस. 'कोण तुम्ही, माझ्या घरात कसे शिरलात' म्हणून बाहेर काढून कडी लावलीस. बाबा कट्ट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने बेल वाजवली आणि म्हणाले, मी अरविंद तारळेकर, कारखान्यात केमिस्ट आहे, मला आत घेता का? तू म्हणालीस, या, चहा घेणार? रात्री मला सांगताना हसून हसून पुरेवाट झाली त्यांची. म्हणाले, दुसऱ्यांदा बघायचा कार्यक्रम झाला आमचा."

आई रडता रडता हसली. मग तिला काहीतरी आठवलं. "आणि तो दाट पाक कुणी सांगितला?"

"मी."

"तरीच!" आईने कपाळाला हात लावला. "जन्मभर घरात हलवा झाला आणि पोरीला पाक कळत नाही. ह्यांनी ऐकलं असतं तर तेव्हाच गेले असते." आणि स्वतःच्याच बोलण्याने तिला पुन्हा हुंदका फुटला.

ती दुपार दोघींनी बाबांवर बोलण्यात घालवली. शेवटी ते काय जेवले होते, कोणता शर्ट अंगात होता, अग्नी कुणी दिला. "मी दिला," केतकी म्हणाली. "सुमेध पोचू शकला नाही." आईने तिचा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि गालाला लावला. ऊन तांबूस व्हायला लागलं तशी आईने केतकीच्या तळहातावर हलव्याचे चार दाणे ठेवले. "हा ह्यांचा वाटा. तू खा."

केतकीने खाल्ला. काटे जिभेला टोचले आणि विरघळले. आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे तिची नजर गेली, ती आईने ओळखली.

"हे राहू दे. उद्या मला काही आठवणार नाही, आरशात बघून घाबरेन उगाच." मग सूर्याकडे बघत म्हणाली, "पुन्हा सांगू नकोस हं मला. एकदा सांगितलंस, बास झालं. पण रडू राहील ना मागं? डॉक्टरीणबाई सांगत होत्या, तसं?"

"राहील बहुतेक. आई, मी चुकले का गं?"

"राहू दे. माझ्या नवऱ्याचं रडू आहे. दुसरं कोण रडणार ते?"

सूर्य टेकला. आईने केतकीचा हात घट्ट धरला होता. पकड हळूहळू सैल झाली, आणि शेजारी बसलेल्या परक्या बाईच्या हातातून आपला हात तिने संकोचाने सोडवून घेतला.

मिरजेला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीने सवयीने दोन कप चहा केला. एक आईसमोर ठेवला, एक बाबांच्या खुर्चीपुढच्या स्टुलावर. आईने दुसऱ्या कपाकडे बघितलं. घाबरून नाही, चोरून नाही, नुसतंच बघितलं. दाराकडे तिने मान वळवली नाही. "हे येतील इतक्यात" म्हणाली नाही. आपला कप उचलून हळूहळू प्यायला लागली आणि पिता पिता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काय झालं, आई?"

"काय की," आई म्हणाली. "येतंय आपलं."

केतकी उभी राहिली होती ती तशीच राहिली. बाबा गेल्यापासून रोज दुपारी आई दाराकडे बघायची, तेव्हा केतकीही बघायची. वेड्यासारखं, क्षणभरच, पण बघायची. घरात त्यांची वाट बघणारं एक माणूस आहे, तोवर बाबा पुरते गेले नाहीत, असं तिने कुठेतरी आत धरून ठेवलं होतं. आता वाट बघणारं कुणीच उरलं नव्हतं. तिने स्टुलावरचा कप उचलला, बाबांच्या खुर्चीत बसली, आणि चहा न पिताच तिला रडू कोसळलं. अग्नी देताना रडली नव्हती, भावाला धीर देताना रडली नव्हती, ते सगळं आलं.

आईने आपला कप खाली ठेवला. समोर रडत बसलेल्या बाईकडे तिने बराच वेळ काळजीने बघितलं. मग स्टूल पुढे ओढून तिच्याजवळ बसली.

"तुमचं कुणी गेलं का हो?" तिने अदबीने विचारलं.

"हो," केतकी म्हणाली. "माझे बाबा."

"अगंबाई." आईने तिच्या हातावर हात ठेवला. "रडा मग. मी बसते तुमच्यापाशी."